छोटी देणगी, मोठी निवडणूक

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक दोन टप्प्यांत लढली जाते. आधी राज्याराज्यांतल्या प्रायमरी आणि कॉकसमधून पक्षाची उमेदवारी मिळवायची आणि मग नोव्हेंबरमधल्या मुख्य लढतीला उतरायचे. दोन्हींना अफाट पैसा लागतो. वॉटरगेट प्रकरणात देणग्यांचे गैरव्यवहार उघड झाल्यावर १९७४ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा बदलला आणि सरकारी निधीची सोय केली. प्रायमरीच्या काळात एखाद्याने उमेदवाराला देणगी दिली, तर तिच्यातल्या पहिल्या २५० डॉलरइतकी भर सरकार घालणार. मुख्य लढतीसाठी मोठ्या पक्षांच्या उमेदवारांना एकरकमी अनुदान मिळणार. त्या बदल्यात उमेदवाराने खर्चाची मर्यादा पाळायची. बड्या देणगीदारांचा वचक कमी व्हावा हा त्यामागचा हेतू होता.

सामान्य माणसाकडून थेट पैसे गोळा करणे मात्र जिकिरीचे होते. टपालाने लाखो पत्रे पाठवायची, आलेले धनादेश उघडून नोंदवायचे, बँकेत भरायचे. पंचवीस डॉलरच्या देणगीतले बरेच पैसे कागद, टपाल आणि कारकुनांवरच जात. म्हणून उमेदवारांचा ओढा मेजवान्यांकडे असे. श्रीमंतांना जेवायला बोलावले की एका दुपारी लाखो डॉलर जमत.

इंटरनेटने हे गणित बदलले, पण एका झटक्यात नाही. १९९६ मध्ये रिपब्लिकन उमेदवार बॉब डोल यांनी बिल क्लिंटन यांच्याबरोबरच्या पहिल्या वादफेरीच्या शेवटी आपल्या संकेतस्थळाचा पत्ता सांगितला, तोही मधला एक टिंब गाळून. तेव्हा संकेतस्थळ म्हणजे जाहिरातीचा फलक होता, त्यापलीकडे काही नाही. त्यापुढचा बदल निवडणूक आयोगाच्या कचेरीत झाला, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. १९९९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे इच्छुक उमेदवार बिल ब्रॅडली यांच्या विचारणेवरून आयोगाने, क्रेडिट कार्डाने इंटरनेटवरून आलेल्या देणगीवरही सरकारी भर मिळेल, असे ठरवले. पुढच्याच वर्षी रिपब्लिकन इच्छुक जॉन मॅकेन यांनी न्यू हॅम्पशायरची प्रायमरी जिंकली आणि काही दिवसांत त्यांच्या संकेतस्थळावर दहा लाखांहून अधिक डॉलर जमले. धनादेशांची वाट पाहत बसले असते, तर तो पैसा हाती येईपर्यंत पुढच्या राज्यांतल्या लढतीसुद्धा आटोपल्या असत्या.

या साधनाचा खरा कस लागला तो २००३-०४ मध्ये. व्हरमाँट या छोट्या राज्याचे माजी गव्हर्नर हॉवर्ड डीन पेशाने डॉक्टर. देशभरात त्यांना कोणी ओळखत नव्हते आणि त्यांच्याकडे पैसाही नव्हता. इराक युद्धाला त्यांचा उघड विरोध होता. डेमोक्रॅटिक पक्षातल्या बहुतेक आघाडीच्या इच्छुकांनी संसदेत त्या युद्धाला संमती दिलेली होती, त्यामुळे चिडलेले कार्यकर्ते डीन यांच्याभोवती जमले. ते एकमेकांना भेटत ते मीटअप या संकेतस्थळाच्या मदतीने. २००२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली ही सेवा एकाच आवडीच्या लोकांना आपापल्या गावातल्या कॉफीच्या दुकानात एकत्र आणण्यासाठी होती. तिच्यावर डीनसमर्थकांची गर्दी वाढते आहे हे प्रचारप्रमुख जो ट्रिप्पी यांनी हेरले. त्यांनी ती वरून चालवण्याऐवजी वाढू दिली, हे त्यांचे कसब.

निधी उभारण्याची त्यांची रीत गणेशोत्सवाच्या वर्गणीसारखी होती: रक्कम लहान, पण किती जमले ते सर्वांसमोर फळ्यावर. संकेतस्थळावर बेसबॉलच्या बॅटचे चित्र असे आणि पैसा जमेल तसा तिच्यातला रंग वर चढत जाई. २००३ च्या उन्हाळ्यात उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी माणशी दोन हजार डॉलरची मेजवानी ठेवली, तेव्हा डीन संगणकासमोर सँडविच खात बसले आणि समर्थकांना आपल्याबरोबर ‘जेवायला’ बोलावले. चेनींच्या मेजवानीपेक्षा जास्त पैसा त्या सँडविचने मिळवून दिला. त्या वर्षाच्या तिसऱ्या तिमाहीत डीन यांच्याकडे सुमारे दीड कोटी डॉलर आले. नोव्हेंबरमध्ये त्यांनी समर्थकांचे मत घेतले आणि प्रायमरीपुरता सरकारी निधी नाकारला. खर्चाची मर्यादा त्यांना आता अडचणीची वाटू लागली होती. त्यांच्यापाठोपाठ पक्षातलेच प्रतिस्पर्धी जॉन केरी यांनीही तेच केले.

मग १९ जानेवारी २००४ ला आयोवाचे कॉकस झाले आणि डीन तिसरे आले. त्यांना जेमतेम १८ टक्के कौल मिळाला. केरींना ३८ टक्के. याचे कारण कॉकसच्या तेव्हाच्या पद्धतीत सापडते. कॉकसच्या रात्री गावातले लोक शाळेत किंवा चर्चमध्ये जमत आणि डेमोक्रॅटिक कॉकसमध्ये आपापल्या उमेदवाराच्या गटात उघडपणे उभे राहत. ज्या गटात पुरेसे लोक नसत त्यातल्यांना शेजारी आपल्याकडे ओढत. तिथे ओळखीच्या माणसाचा शब्द चाले. डीन यांच्यासाठी देशभरातून आलेले हजारो तरुण नारिंगी टोप्या घालून दारोदार फिरले खरे, पण आयोवाच्या शेतकऱ्याला ते परके होते. इंटरनेटने पैसा आणि उत्साह गोळा केला. गावातला माणूस गावातच शोधावा लागतो.

त्याच रात्री समर्थकांना धीर देताना डीन यांनी राज्यांची नावे घेत शेवटी एक आरोळी ठोकली. सभागृहात इतका गलका होता की ती जेमतेम ऐकू आली. पण हातातला मायक्रोफोन आजूबाजूचा आवाज टिपत नव्हता, त्यामुळे दूरचित्रवाणीवर एक माणूस विनाकारण किंचाळताना दिसला. वाहिन्यांनी ती फीत पुढचे काही दिवस शेकडो वेळा दाखवली. डीन यांची मोहीम आरोळीने बुडाली असे अजूनही सांगितले जाते. ते बरोबर नाही, कारण ते आयोवा आधीच हरले होते. सावरण्याची संधी मात्र त्या फितीने घालवली.

दूरचित्रवाणीचा हा दरारा त्याच वर्षी एकदा उलटा फिरला. ८ सप्टेंबरला सीबीएस वाहिनीने राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या नॅशनल गार्ड या राखीव दलातल्या सेवेबद्दल १९७२-७३ मधली म्हणून काही टिपणे दाखवली. काही तासांतच इंटरनेटवरच्या उजव्या विचारांच्या मंडळींनी अक्षरांमधल्या अंतरावर बोट ठेवले. टंकलेखन यंत्रावर सहसा प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते. या टिपणांतली अक्षरे संगणकावर छापल्यासारखी होती. एका ब्लॉगलेखकाने तोच मजकूर मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये टंकून मूळ टिपणावर ठेवून दाखवला. टिपणांचा खरेपणा सिद्ध करता येत नाही, हे सीबीएसने बारा दिवसांनी मान्य केले आणि पुढच्या मार्चमध्ये वृत्तनिवेदक डॅन रादर त्या खुर्चीवरून उतरले. मात्र ब्लॉग सत्य शोधतात आणि वाहिन्या लपवतात, असा निष्कर्ष त्यातून काढणे भाबडेपणाचे होते. डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळालेल्या केरी यांच्या व्हिएतनाम युद्धातल्या कामगिरीवर शंका घेणारी जाहिरात २००४ च्याच ऑगस्टमध्ये फक्त तीन राज्यांत विकत घेतलेल्या वेळेत दाखवली गेली. ब्लॉग, रेडिओ आणि वृत्तवाहिन्यांनी ती फुकटात देशभर नेली, आणि नौदलाच्या नोंदी केरींच्या बाजूने असूनही ती नेटाने फिरत राहिली.

डीन यांच्या कार्यकर्त्यांनी शिकलेले वाया गेले नाही. त्यांच्यातल्या काहींनी ब्लू स्टेट डिजिटल ही कंपनी काढली आणि २००८ च्या निवडणुकीसाठी बराक ओबामा यांचे संकेतस्थळ उभे केले. फेसबुकच्या संस्थापकांपैकी ख्रिस ह्यूज तिथे कामाला आले. या वेळी आयोवातली चूक टाळली गेली. संकेतस्थळावर नाव नोंदवणाऱ्याला त्याच्याच वस्तीतल्या मतदारांची यादी आणि फोन करण्याचे काम दिले जाई. यूट्यूबही तोवर आले होते. पैशाचा ओघ एवढा मोठा होता की जून २००८ मध्ये ओबामा यांनी मुख्य लढतीचाही सरकारी निधी नाकारला. आधी मात्र तो घेण्याची तयारी त्यांनी दाखवली होती. त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी मॅकेन यांनी ८ कोटी ४१ लाख डॉलरचे अनुदान घेतले आणि तेवढ्यातच लढले. ओबामांना इंटरनेटवरून मिळालेली रक्कम त्याच्या कितीतरी पट होती.

त्यानंतर कोणत्याही मोठ्या पक्षाच्या उमेदवाराने मुख्य लढतीसाठी ते अनुदान घेतलेले नाही. करदात्याच्या विवरणपत्रावर या निधीला तीन डॉलर देण्याची चौकट मात्र अजून छापली जाते.