हुंकार देणारी तार

गोष्ट सांगणाऱ्या आजीला मधूनमधून ‘हं’ लागतो. हुंकार थांबला की नातवंडं झोपली, हे ती ओळखते. आपल्या टीव्हीतल्या चिप्सही असाच हुंकार देतात.

फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये आय-टू-सी ही पद्धत आणली. तारा दोनच: एकीवर ठोके, दुसरीवर माहिती. मुख्य चिप आधी सहसा ७ बिटांचा पत्ता पुकारते. आठवा बिट दिशा सांगतो: ० म्हणजे ‘मी सांगते, तू ऐक’, १ म्हणजे ‘तू सांग, मी ऐकते’. नवव्या ठोक्याला बोलणारी चिप तार सोडते आणि ऐकणारी ती खाली ओढते. हाच हुंकार! पुढे दर ८ बिटांनंतर तो द्यायचा. वाचताना तो मुख्य चिप देते. शेवटच्या बाइटला मात्र मुद्दाम देत नाही. म्हणजे ‘पुरे’.

कुणी ओढली नाही, तर रेझिस्टरमुळे तार वरच राहते. त्यामुळे इथे मौन म्हणजे संमती नव्हे. चिप बंद पडली, पत्ता चुकला किंवा ती कामात गुंतली, तरी उत्तर एकच: शांतता. नोंद साठवणारी ईईप्रॉम चिप लिहिताना सुमारे ५ मिलिसेकंद गप्प असते. तेव्हा तिला मोडीत काढायचं नाही, पुन्हा हाक मारायची.

आणि हुंकार आला तरी बाइट पोहोचला, एवढंच कळतं. काम झालं का, ते वेगळं विचारावं लागतं. सातासमुद्रांपलीकडून ‘आई, औषध घेतलंस ना?’ विचारल्यावर येणारं ‘हो’ही कधीकधी तेवढंच सांगतं.