तारीख वाचली, आता राज्य कोणाचं ते सांगा

गेल्या वर्षी माझ्या प्रकरणाच्या मसुद्यात एका तारखेभोवती मार्गदर्शकांनी लाल गोल काढला होता. चिनी मूळ कागदावर होतं 'ग्वांगशू २६, बारावा महिना, दहावा दिवस'. ग्वांगशू सम्राटाचं पहिलं वर्ष १८७५, म्हणून मी सरळ २५ मिळवून १९०० लिहून मोकळी झाले. पण चिनी वर्ष जानेवारी-फेब्रुवारीत बदलतं, त्यामुळे बारावा महिना पुढच्या इंग्रजी वर्षात जातो. खरी तारीख निघाली २९ जानेवारी १९०१. बॉक्सर उठावानंतर शिआनला पळालेल्या दरबाराने सुधारणांचं फर्मान काढलं, तो हा दिवस. मी सुधारणा आधी आणि पराभव मध्येच, असं काहीतरी करून ठेवलं होतं!

तेव्हापासून मी कागद हातात आला की आधी तारीख बघते. कारण आधुनिक चीनमध्ये वर्ष कसं लिहायचं हा राजकारणाचा प्रश्न होता. आपल्याला हे नवीन नाही. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला, तो काही हौस म्हणून नव्हे.

आता १९११ घ्या. सम्राटाच्या हिशोबाने ते 'श्वानथोंग ३'. ऑक्टोबरमध्ये वूचांगला उठाव झाला, तेव्हा क्रांतिकारकांनी जाहीरनाम्यांवर पौराणिक पीतसम्राटाचं ४६०९ वं वर्ष घातलं. नुसतं राजाला हटवून भागेना, त्याचं वर्षही नको होतं. १ जानेवारी १९१२ ला 'प्रजासत्ताक वर्ष १' सुरू झालं. १९१७ च्या जुलैमध्ये सेनापती चांग श्युनने बालसम्राट पूयीला पुन्हा गादीवर बसवलं आणि कागदांवर 'श्वानथोंग ९' उगवलं. बारा दिवसांत ते संपलंही.

१९३२ तर आणखी मजेशीर. नानजिंगमध्ये प्रजासत्ताक २१, जपानने उभ्या केलेल्या मांचुकुओत 'दाथोंग १', आणि खुद्द जपानमध्ये 'शोवा ७'. वर्ष एकच!

मग मांचुकुओची तारीख असलेला कागद लिहिणारा जपानचा समर्थक होता का? इथेच सावध राहायला हवं. सरकारी कागदावर सरकारी तारीख घालावीच लागते. निष्ठा शोधायची तर खासगी पत्रं, रोजनिश्या, कवितांच्या वह्या बघायच्या. तिथे पुष्कळदा साठ वर्षांच्या चक्रातलं नुसतं नाव असतं, आपल्या प्रभव-विभव संवत्सरांसारखं. कोणाचंच राज्य न मानता तारीख लिहायची ही सोयीची वाट. चिंग घराण्याच्या जुन्या निष्ठावंतांना ती फार उपयोगी पडली. आपली पंचाईत एवढीच की 'शिनहाय' म्हणजे १८५१, १९११ की १९७१, हे बाकीच्या मजकुरावरून ठरवावं लागतं.

म्हणून आता टिपणात मी दोन तारखा लिहिते: आधी कागदावर आहे तशी, मग इंग्रजी. नुसती दुसरी ठेवली तर दिवस कळतो, पण लिहिणाऱ्याने कोणाचं राज्य मानलं, किंवा मानायचं टाळलं, ते पुसलं जातं.