डोक्याला मार लागल्यावर साक्ष कोण देणार?

पहाटे साडेपाचच्या सुमारास आळंदीहून चाकणच्या रस्त्याला लागणाऱ्या दुचाकींची रांग पाहिली की कारखान्यांची पाळी बदलायची वेळ झाल्याचे कळते. मागे बसलेला सहकारी, हँडलला अडकवलेला डबा, अनेकदा डोक्याऐवजी आरशावर टांगलेले हेल्मेट आणि हाताच्या अंतरावरून जाणारे कंटेनर. या गर्दीत अलीकडे एखाद्या दुचाकीवर छोटा कॅमेरा दिसतो. ‘रील करणारा दिसतोय,’ असे शेजारचा म्हणतो. अपघात विभागात काम करणाऱ्यांना मात्र तो कॅमेरा वेगळ्याच कारणाने महत्त्वाचा वाटतो.

डोक्याला जबर मार लागलेला रुग्ण शुद्धीवर येतो, नाव-गाव सांगतो, पण धडक त्याला आठवत नाही. मेंदूला हादरा बसला की त्या क्षणांची स्मृती पक्की होण्याची क्रियाच खंडित होते. अपघाताआधीची काही मिनिटे, कधी काही तासही पुसले जातात आणि नंतरचा काळ धूसर राहतो. ही आठवण बहुतेकदा पुन्हा येत नाही. मग जबाब घ्यायला आलेल्या पोलिसांनी ‘गाडी कोणती होती?’ असे विचारले तर उत्तर काय मिळणार?

या एका उत्तरावर घरचे बरेच काही अवलंबून असते. धडक देणारे वाहन सापडले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जखमीचे वय, उत्पन्न आणि अपंगत्व पाहून भरपाई ठरते आणि बहुधा त्या वाहनाची विमा कंपनी ती देते. वाहन सापडलेच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या योजनेप्रमाणे मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. मांडीचे हाड मोडून सहा महिने घरी बसलेल्या कंत्राटी कामगाराचे ५० हजारांत काय भागणार?

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. पायी चालणारेही सुरक्षित नाहीत. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी पंढरपूरहून आळंदीकडे निघालेल्या संत नामदेवांच्या दिंडीत दिवे घाटात जेसीबी घुसला आणि नामदेवांचे वंशज सोपानमहाराज नामदास यांच्यासह दोघांचा बळी गेला.

कॅमेरा घ्यायचा ठरला, तर दुकानदार आधी ‘फोर के’ आणि ‘१७० अंश’ हे शब्द ऐकवतो. त्यातला दुसरा आकडा फसवा आहे. कॅमेरा जितका रुंद पाहतो, तितकी समोरची प्रत्येक वस्तू लहान होते. चारचाकीच्या नंबरपाटीवरच्या अक्षरांची उंची ६५ मिलिमीटर असते. १९२० पिक्सेल रुंदीच्या, १४० अंश पाहणाऱ्या साध्या एचडी कॅमेऱ्यात १० मीटरवरचे हे अक्षर जेमतेम ५ पिक्सेल उंच उमटते. ते वाचायला निदान १०-१२ तरी लागतात. म्हणजे एचडी कॅमेऱ्यात पाटी ५ मीटरवर आली तरच काही कळेल. फोर केमध्ये हे अंतर दुप्पट होते. दुचाकीच्या पाटीवरची अक्षरे आणखी लहान असतात, तिथे हा हिशेब आणखी कडक होतो.

वेगाचाही प्रश्न आहे. ताशी ४० किलोमीटरच्या फरकाने शेजारून गेलेली गाडी सेकंदाच्या साठाव्या भागात १८ सेंटिमीटर सरकते, तर पाचशेव्या भागात २ सेंटिमीटर. अंधारात कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी राहते, म्हणून दिवसा स्वच्छ दिसणारी पाटी रात्री नुसती पांढरी रेघ होते. तेव्हा जाहिरातीतला दिवसाचा नमुना पाहून भुलू नये. त्याच मॉडेलने रात्री, चालत्या दुचाकीवरून काढलेले चित्रण मागावे आणि ते थांबवून समोरच्या गाडीचा नंबर वाचता येतो का, ते पाहावे. एवढी एक परीक्षा केली तरी निम्मी मॉडेल बाद होतील.

रोज ये-जा करणाऱ्याला सहलीचा ॲक्शन कॅमेरा फारसा उपयोगाचा नाही. त्याची बॅटरी तास-दीड तासात संपते आणि तो आठवणीने सुरू करावा लागतो. नेमका त्याच दिवशी विसर पडतो. चावी फिरवताच सुरू होणारा, पुढे-मागे दोन भिंगे असलेला दुचाकीचा डॅशकॅम बरा. मागून बसलेली धडक पुढच्या भिंगाला दिसणार नाही. धूळ आणि पाणी रोखणारा ‘आयपी ६७’ दर्जा हवा, कारण इथला पाऊस आडवा येतो. जोडणी फ्यूज लावून, चावीच्या वायरवरून करून घ्यावी, नाहीतर आठवड्याभरात बॅटरी उतरते. मेमरी कार्ड सतत लिहिणे सोसणारे, ‘हाय एन्ड्युरन्स’ प्रकारचे घ्यावे. सायकलवाल्यांना मात्र बॅटरीवरच्या छोट्या कॅमेऱ्यावाचून पर्याय नाही.

मोबाइलच हँडलवर लावला तर? इंजिनाच्या जोरदार कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलनेच २०२१ मध्ये दिला होता. हेल्मेटवर कॅमेरा लावणे त्याहून वाईट. हेल्मेट गुळगुळीत आणि गोल असते ते पडल्यावर रस्त्यावरून घसरावे म्हणून. त्यावरचा उंचवटा अडकला की डोके झटक्याने फिरते आणि असा पिळा मेंदूला सरळ आघाताहून अधिक इजा करतो. चांगल्या हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो. चित्रणासाठी तो फायदा का घालवायचा?

चित्रण पुरावा म्हणून टिकायचे तर थोडे कायद्याचे भान हवे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून खोतकर आणि गोरंट्याल यांच्यात झालेला वाद मुख्यतः व्हिडिओ चित्रणाच्या प्रमाणपत्रावर अडला होता. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले की, प्रत सादर करायची तर प्रमाणपत्र हवेच. मूळ उपकरणच मालकाने न्यायालयात हजर केले तर त्याची गरज नाही. आता ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. म्हणून गंभीर घटनेनंतर कॅमेरा लगेच बंद करावा, नाहीतर जुन्यावर नवे चित्रण चढते. मूळ कार्ड काढून जपावे आणि तक्रारीला प्रत जोडावी. कॅमेऱ्याचे घड्याळ महिन्यातून एकदा तपासावे. तारीख चुकलेली असली की समोरचा वकील तिथूनच सुरुवात करतो. व्हिडिओ आधी समाजमाध्यमावर टाकू नये. त्यात वाटेवरच्या इतरांचे चेहरेही असतात.

आळंदी पोलीस ठाणे पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात येते. लेखी तक्रारीत वेळ, ठिकाण, दिशा आणि वाहन क्रमांक द्यावा. जीव धोक्यात असेल तर ११२. मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ विरुद्ध दिशेने वाहन चालवणे, सिग्नल तोडणे आणि हातात मोबाइल धरून चालवणे यांनाही धोकादायक ठरवते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते वर्षभर कैद किंवा १ ते ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. गोवा पोलिसांनी २०१७ मध्ये नागरिकांकडून असे पुरावे घेण्याची ‘ट्रॅफिक सेंटिनेल’ योजना सुरू केली. ब्रिटनमध्ये नॉर्थ वेल्स पोलीस २०१६ पासून ते घेत आहेत. नंबर टिपण्यासाठी कंटेनरचा पाठलाग करणे मात्र वेडेपणा आहे. रागाने नाडी वाढलेली असताना नजर एकाच गाडीवर खिळते आणि बाकीचा रस्ता दिसेनासा होतो.

कॅमेरा मालकाचा वेगही नोंदवतो, आणि त्याची झोपही. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते; भारतातली कायदेशीर मर्यादा ०.०३ आहे. रात्रपाळी संपवून सकाळी चाकणहून आळंदीकडे निघालेला कामगार बहुधा या रेषेच्या पलीकडे असतो. कंपनीची बस असेल, तर त्या आठवड्यात दुचाकी घरीच राहू द्यावी. नसेल, तर गेटच्या आत वीस मिनिटे डुलकी काढून, तोंडावर पाणी मारून मग निघावे.