दहाला एक

दहावीच्या परीक्षेत एक मुलगा उत्तरं सांगत होता आणि त्याच्याहून लहान मुलगी ती लिहून घेत होती, हे मार्चमध्ये पाहिलं. लेखनिक, तासाला 20 मिनिटं जादा, या सवलती अपंग मुलांपर्यंत कोण पोचवतं? ते पाहायला जुन्नर तालुक्यात एका विशेष शिक्षिकेबरोबर हिंडलो.

ताईंची नेमणूक गट साधन केंद्रात, शाळा तालुकाभर, स्कूटर स्वतःची. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचं शिबिर, यूडीआयडी हे अपंगत्वाचं ओळखपत्र, उपकरणांची मागणी, ही कामं त्या भराभर सांगून टाकतात.

तिसरीतल्या एका मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. बोटं आखडलेली, पेन्सिल निसटते. ताईंनी पिशवीतून सायकलच्या ट्यूबची पट्टी काढून पेन्सिलीला गुंडाळली. रबराचा वास अजून माझ्या नाकात आहे. मुलाने जाड झालेली पेन्सिल मुठीत धरून रेघ ओढली, ती वहीबाहेर बाकावर गेली. ताई म्हणाल्या, “चालू दे, बाकही आपलाच आहे.”

मला खरं काम त्यापुढचं वाटलं. मधल्या सुट्टीत ताई वर्गशिक्षकांपाशी बसल्या. सर थकलेले, एकट्यावर दोन वर्ग. म्हणाले, “तुम्ही आलात की तो शिकतो. एरवी मी काय करू?” ताईंनी उपदेश केला नाही. त्याला फळ्याजवळ बसवा, लिहायला कमी द्या, उत्तर तोंडी घ्या, एवढंच सांगितलं. त्या पुन्हा येईपर्यंत मुलगा सरांच्याच हाती असतो.

“दहाला एक,” ताई वाटेत म्हणाल्या. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शाळांत अशा 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितलं. ताईंच्या डायरीत नावांची पानंच्या पानं आहेत. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता मोजली जाऊ लागली, हे फार चांगलं झालं. पण इतकं नाजूक काम वर्षानुवर्षं कंत्राटी माणसांवर ढकललं गेलं, हे मला अन्यायाचं वाटतं. दहाला एक, त्या पुन्हा म्हणाल्या.

पुढच्या गावात पायाने अधू असलेली मुलगी घरीच होती. शाळेत रॅम्प झाला होता, तरी आई तयार नव्हती. “ताई, तिला संडासला कोण नेणार?” हा प्रश्न ताईंना आधीच ठाऊक होता. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींशी त्या बोलून आल्या होत्या, आणि मावशी हो म्हणाल्या होत्या.