शर्यत पक्ष्यांची, पैसा चिखलाला

हाँगकाँगच्या ‘बिग बर्ड रेस’मध्ये शिपाई बुलबुल दिसला तरी एक गुण आणि काळ्या तोंडाचा चमचा दिसला तरी एकच. बुलबुल तिथे कुठल्याही बागेत दिसतो. हा चमचा १९९०च्या सुमारास जगात जेमतेम तीनशेच्या आसपास उरला होता. शर्यतीत मोजायच्या त्या जाती. म्हणून समोर बदकांचा मोठा थवा असला तरी संघाचं लक्ष घड्याळाकडे असतं. ताइ पो काउच्या जंगलात निखार, लाँग व्हॅलीच्या ओल्या शेतांत पाणलावे, आणि मग मै पोची दलदल. तिथे पोचायची वेळ भरतीच्या कोष्टकावरून ठरते. पाणी चढू लागलं की चिखले, तुतवार किनाऱ्याजवळ ढकलले जातात. ओहोटीला ते दूर, दुर्बिणीतही ठिपक्यांएवढे. शिवडीला रोहित पाहायला जाणाऱ्या मुंबईकरांना हे सांगायला नको.

गणती म्हणून ही धावपळ कच्चीच. चमच्यांची खरी मोजदाद जानेवारीत, अनेक देशांत एकाच सुमारास होते. शर्यतीचा उपयोग वेगळा आहे. ती भरवते डब्ल्यूडब्ल्यूएफ हाँगकाँग; संघ ओळखीपाळखीत आणि कंपन्यांकडे देणग्या मागतात आणि पैसा मै पोच्या देखभालीला जातो.

देखभाल कसली? मै पोत ‘गेई वाई’ म्हणजे कोळंबीची जुनी खाऱ्या पाण्याची तळी आहेत. गोव्याच्या खाजणात मानस असते तशी यांनाही झडप असते. भरतीबरोबर कोळंबीची पिल्लं आत येतात, तिवरांच्या कुजलेल्या पाल्यावर पोसतात. हिवाळ्यात एकेका तळ्याचं पाणी पाळीपाळीने उतरवतात. उथळ पाण्यात मासे उघडे पडले की बगळे आणि चमचे तुटून पडतात. झडपा दुरुस्त केल्या नाहीत, बोरू कापले नाहीत, गाळ उपसला नाही, तर काही वर्षांत तळं बुजतं आणि झाडोरा माजतो. ‘हात लावू नका, निसर्ग बघून घेईल’ हा सल्ला माणसाने घडवलेल्या पाणथळीला लागू पडत नाही. असल्या कामाला देणगी मिळवणं अवघड. झडपेचा फोटो कोण छापणार?

चमचे आता सहा हजारांच्या वर गेले आहेत. श्रेय एकट्या मै पोचं नाही. त्यांची वीण मुख्यतः कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बेटांवर होते, आणि हिवाळ्यात ते तैवान, चीन, जपानपर्यंत विखुरतात. चीनच्या मुख्य भूमीवरच्या पाणथळी सांभाळणाऱ्यांना मै पोत प्रशिक्षण दिलं जातं, ते याचसाठी.