मोगऱ्याचे खतपाणी : दोन औंसांचा हिशेब



वसंत ऋतूत मोगऱ्याविषयी बोलावयाचे तर त्याच्या सुवासाविषयी बोलावे. खताविषयी काय बोलायचे, असे आपणांपैकी काहींना वाटेल. परंतु ज्यांच्या गच्चीत वा अंगणात मोगरा आहे त्यांची तक्रार निराळीच असते. झाड हिरवेगार आहे, पाने तुकतुकीत आहेत, आणि कळीचा मात्र पत्ता नाही! किंवा शेंडे पिवळे पडत चालले आहेत आणि खत घालावे तसतसे अधिकच पिवळे होत आहेत. दोन्ही तक्रारींवर घरोघरी उपाय एकच होतो : आणखी थोडे खत. हा उपाय का फसतो आणि त्याऐवजी काय करावे, हे आज पाहू.

प्रथम एक जुना प्रयोग सांगतो. सतराव्या शतकात ब्रसेल्सच्या व्हॅन हेल्मोंट या विद्वानाने मोठ्या कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती भरली, तीत ५ पौंडांचे विलो जातीचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. शेवटी झाड भरले सुमारे १६९ पौंड. आणि माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती घटली होती अवघी दोन औंस. हा वृत्तान्त त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली प्रसिद्ध झाला. झाड पाण्याचेच बनते, असा निष्कर्ष त्याने काढला. तो अपुरा होता; झाडाच्या अंगातला कर्ब हवेतून येतो, हे पुढे कळले. पाने हवेतला कर्बवायू आणि मुळांनी आणलेले पाणी घेऊन उन्हाच्या बळावर स्वतःचे अन्न स्वतःच शिजवतात.

मग खत म्हणजे काय? खत म्हणजे ते दोन औंस! ते झाडाचे जेवण नव्हे. स्वयंपाकातले मीठमसाले म्हणा. त्यांवाचून अन्न सिद्ध होत नाही, पण चूलच पेटलेली नसेल तर मसाल्याने पोट भरत नाही. मोगऱ्याची चूल म्हणजे ऊन. रोज पाचसहा तास उघडे ऊन ज्या मोगऱ्याला मिळत नाही, त्याला कोणत्याही खताने भरघोस फुले येणार नाहीत. म्हणून पिशवी उघडण्यापूर्वी कुंडीची जागा पाहावी.

या मसाल्यांत तीन मुख्य. नत्राने पाने आणि कोवळे फुटवे वाढतात. स्फुरद मुळांच्या वाढीला लागते. पालाशाने पेशींतील पाण्याचा तोल राहतो आणि कळी भरते. शिवाय लोह, जस्त, मॅग्नेशियम यांची अल्पशी गरज असते. श्प्रेंगेल आणि लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात एक नियम मांडला : जे द्रव्य सर्वांत कमी पडते, तेच वाढीची मर्यादा ठरवते. पुरणात गूळ कमी पडला असता अधिक डाळ घालून गोडी येत नाही, तसेच हे. नत्र भरपूर असताना आणखी नत्र घातले की झाड पानांतच रमते, आणि कळ्या मागे पडतात. हिरव्यागार पण वांझ मोगऱ्याचे रहस्य पुष्कळदा हेच असते.

प्रमाणाचीही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १०० ग्रॅम कुजलेल्या शेणखतात नत्र असते साधारण अर्धा ग्रॅम. १०० ग्रॅम युरियात ४६ ग्रॅम. तेव्हा ‘मूठभर खत’ हे शब्द शेणखताला शोभतात, युरियाला नव्हेत. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातले की काकडीला पाणी सुटते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. कुंडीत क्षार वाढले की मुळांचेही तेच होते. माती ओली असूनही पानांच्या कडा करपतात, आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागतो. अशा वेळी खत बंद करावे आणि साधे पाणी तीनचार वेळा भरपूर ओतून तळच्या छिद्रातून निथळू द्यावे. कोरड्या मातीत खत कधीच देऊ नये. आधी पाणी, मग खत.

आता पिवळ्या पानांकडे वळू. येथे केवळ डोळ्यांनी निदान करता येते. खालची, जुनी पाने आधी पिवळी पडली, तर बहुधा नत्र कमी आहे. कारण झाड जुन्या पानांतले नत्र काढून नव्यांकडे पाठवू शकते. परंतु शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, असे दिसले तर ती लोहाची उणीव समजावी. लोह एका पानातून दुसऱ्याकडे सहसा जात नाही. मोगऱ्याला हा विकार वारंवार होतो.

यातली गंमत अशी की, देशावरची काळी माती ज्या खडकापासून झाली त्यात लोह मुबलक आहे. पण चुनखडीच्या मातीत ते अविद्राव्य होऊन बसते. भांडारात धान्य आहे, पण कुलूप लागले आहे! अशा झाडाला युरिया घालणे व्यर्थ, आणि चुलीतली राख घालणे तर अपायकारक, कारण तिने मातीचा अल्कधर्म आणखी वाढतो. पाणी तुंबल्यानेही हे कुलूप घट्ट होते. म्हणून प्रथम कुंडीचे छिद्र मोकळे करावे. मग एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून ते ताजे पाणी सायंकाळी पानांवर फवारावे, आणि नवी पालवी हिरवी येईपर्यंत महिन्याने पुन्हा द्यावे. हिराकस नुसती मातीत टाकली तर चुनखडी तिलाही बांधून टाकते. कोकणातल्या जांभ्या, आम्लधर्मी मातीत हा त्रास सहसा उद्भवत नाही.

राहिला काळाचा प्रश्न, आणि तो मात्रेइतकाच महत्त्वाचा आहे. मोगऱ्याची कळी नव्या फुटव्यावर येते. म्हणून पाऊस सरल्यावर खत थांबवावे, पाणी कमी करावे आणि झाडाला विसावा द्यावा. डिसेंबरच्या सुमारास वाळक्या व दुबळ्या फांद्या काढून उरलेल्या तिसऱ्या हिश्शाने ते निम्म्यापर्यंत छाटाव्यात. वरची माती हलकेच मोकळी करून बारा इंची कुंडीला दोन ओंजळी पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. स्फुरद मातीत फारसे सरकत नाही. ते द्यावयाचे असल्यास याच वेळी मुळांजवळ मिसळावे. ताजे शेण मात्र टाळावे. फुटवे आल्यावर दर पंधरवड्यास एक लिटर पाण्यात १ ग्रॅम विद्राव्य मिश्रखत पुरे. कळ्या दिसू लागताच नत्र आवरावे. एक बहर ओसरला की शेंडे खुडून तीच हलकी मात्रा पुन्हा द्यावी, म्हणजे नवे फुटवे येतात आणि त्यांवर पुढच्या कळ्या धरतात.

तेव्हा श्रोतेहो, आज घरी गेल्यावर खताच्या पिशवीला हात लावण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : कुंडीवर ऊन किती वेळ पडते, पाणी खालून निथळते की नाही, आणि पिवळे पान खालचे आहे की शेंड्याचे. या तिन्हींची उत्तरे मिळाली की त्या दोन औंसांतला कोणता अंश कमी आहे हे कळेल. पुष्कळदा तर काहीच कमी नाही, असेही आढळून येईल. आणि मग मोगऱ्याला त्या दिवशी केवळ पाणी घालावे.