तुकडा एकच, आजार दोन

इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनच्या इस्पितळात हॅरी अँजेलमन या बालरोगतज्ज्ञांकडे निरनिराळ्या वेळी तीन मुलं आली. तिघांची वाढ फार मागे पडलेली, झटके येत, चाल ताठर आणि अडखळती, बोलणं जवळजवळ नाहीच. हसू मात्र सतत. आजार एकच असावा असं त्यांना वाटत होतं, पण हाती पुरावा नसल्याने ते लिहायला धजत नव्हते. पुढे इटलीत सुटीवर असताना व्हेरोनाच्या संग्रहालयात त्यांनी कारोतोचं चित्र पाहिलं: हातातलं बाहुल्याचं रेखाटन दाखवत हसणारा मुलगा. त्यानंतर १९६५ मध्ये त्यांचा निबंध आला. मला त्यांच्या त्या आधीच्या संकोचाबद्दल आदर वाटतो. प्रयोगशाळेने साथ दिली नाही, तरी मुलांकडे पाहणं त्यांनी सोडलं नाही.

त्याआधी, १९५६ मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये प्राडर, लाबहार्ट आणि विली यांनी वेगळीच मुलं नोंदवली होती. जन्मतः इतकी लुळी की दूध ओढता येत नाही. काही वर्षांनी मात्र भूक अशी लागते की पोट भरल्याचं कळतच नाही. या दोन आजारांचा एकमेकांशी संबंध असेल, असं तेव्हा कोणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं.

गुणसूत्रं अधिक बारकाईने पाहण्याचं तंत्र आलं आणि १९८१ मध्ये प्राडर-विलीच्या रुग्णांत पंधराव्या गुणसूत्राच्या लांब भुजेचा छोटा तुकडा गळालेला दिसला. १९८७ मध्ये अँजेलमनच्या रुग्णांतही गळालेला तुकडा सापडला. तोच, त्याच जागचा. मॅजेनिस आणि सहकाऱ्यांच्या त्या वर्षीच्या निबंधाचं शीर्षकच प्रश्नार्थक होतं.

प्रश्न रास्त होता. तोच तुकडा हरवला तर एक मूल न शमणाऱ्या भुकेने का तळमळावं आणि दुसऱ्याची वाचाच का जावी? उत्तराचं एक टोक १९८३ मध्येच बटलर आणि पामर यांच्या हाती आलं होतं: प्राडर-विलीत गळालेला तुकडा वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रावरचा असतो. १९८९ मध्ये नोल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अँजेलमनमध्ये तो आईकडून आलेल्या गुणसूत्रावरचा असतो. त्याच वर्षी निकोल्स यांच्या गटाने त्याहून चकित करणारी गोष्ट मांडली. प्राडर-विलीच्या काही मुलांत काहीच गळालेलं नव्हतं. पंधरावी गुणसूत्रं दोन्ही आईचीच होती. या सगळ्या इतिहासात मला हा शोध सर्वांत मोलाचा वाटतो. जनुकं पूर्ण असूनही वडिलांचा वाटा नाही, एवढ्यानेच आजार होतो. काही जनुकांवर आई-वडिलांच्या खुणा असतात आणि त्यानुसार एक प्रत बोलते, दुसरी गप्प राहते, हे माणसाच्या आजारात इतकं स्पष्ट दिसलं.

१९९७ मध्ये अँजेलमनमागचं जनुक सापडलं: यूबीई३ए. मेंदूच्या चेतापेशींत त्याची फक्त आईकडची प्रत काम करते. आज निदानासाठी आधी मिथायलेशनची, म्हणजे आई-वडिलांच्या त्या रासायनिक खुणांची, चाचणी करतात. ती दोन्ही आजारांची बहुतेक मुलं ओळखते, पण जनुकातच बिघाड असलेली अँजेलमनची काही मुलं तिच्यातून निसटतात. मूल तसंच दिसत असेल, तर अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून तिथे थांबून चालत नाही.

‘आईकडचा तुकडा’ हे शब्द आपल्या घरांत फार जपून सांगावे लागतात. सासरी ते ऐकले की बोट लगेच सुनेकडे वळतं. या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना एकमेकांसारख्या दिसणाऱ्या क्रमांचे पट्टे असतात. बीजपेशी तयार होताना ते चुकीचे जुळतात आणि मधला भाग गळतो. हे बहुतेक वेळा नव्यानेच घडतं. आईने काय खाल्लं, काय केलं, याचा त्याच्याशी संबंध नाही. असा तुकडा नव्याने गळालेला असेल, तर पुढच्या मुलात तेच होण्याची शक्यता साधारण एक टक्क्याहून कमी असते. समुपदेशकाने हे सासू-सासऱ्यांसमोर, आईच्या देखत सांगावं, असं मला कळकळीने वाटतं.

अँजेलमनमध्ये वडिलांकडची प्रत शाबूत असते, फक्त गप्प असते. तिला जागं करता येतं, हे उंदरांत आधी २०१२ च्या सुमारास एका जुन्या कर्करोग-औषधाच्या वर्गाने आणि नंतर २०१५ मध्ये खास घडवलेल्या, आरएनएला चिकटून त्याचं काम रोखणाऱ्या अँटिसेन्स रेणूंनी दाखवलं. आता असेच रेणू मुलांना पाठीच्या कण्यातून देऊन चाचण्या सुरू आहेत. त्यांचा परिणाम कायमचा नसतो, डोस पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.